आधी मूड, मग लक्ष: बायपोलर आणि एडीएचडी दोन्ही असतील तेव्हा

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोपं जातं, त्यांच्यासाठी ही या भागाची लिखित आवृत्ती. बोलताना केलेले 'अं' आणि 'म्हणजे' काढून टाकलेत, बाकी सगळं तसंच आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी डॉक्टर नाही. मी बीटेक केलेला, दिवसभर कोड लिहिणारा माणूस आहे. पण मला बायपोलर आहे, एडीएचडीही आहे, आणि या दोघांचे उपचार चुकीच्या क्रमाने केले तर काय होतं ते मी भोगलंय. आज त्याच क्रमाबद्दल बोलू.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. कामात माझं लक्षच लागत नव्हतं. एक टिकेट उघडायचो, त्यातून पाच टॅब, आणि संध्याकाळी कळायचं की मूळ टिकेट तसंच पडलंय. एडीएचडीचे व्हिडिओ पाहिले आणि वाटलं, अरे, हा तर मीच! एका नव्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांना एडीएचडीची सगळी लक्षणं सांगितली. दोन गोष्टी मात्र सांगितल्या नाहीत: कॉलेजात असताना मला बायपोलरचं निदान झालं होतं, आणि मूड स्थिर ठेवणारी गोळी मी आठ महिन्यांपूर्वी स्वतःच्या मनाने बंद केली होती. 'बरं वाटतंय, मग कशाला?' हे माझं लॉजिक.

मिथाइलफेनिडेट सुरू झालं. पहिला आठवडा स्वर्ग. तिसऱ्या आठवड्यात मी रात्री चार तास झोपत होतो आणि सकाळी ताजातवाना उठत होतो. कुणी न सांगता अख्खं मॉड्यूल नव्याने लिहून काढलं. पहाटे तीनला मॅनेजरला लांबलचक मेल पाठवले. ताईच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतले एक लाख ऐंशी हजार कॅमेरा आणि लेन्सवर उडवले. मला वाटत होतं, गोळी लागू पडली. आई फोनवर एवढंच म्हणाली, "तू इतका भरभर का बोलतोयस रे? झोपतोस ना नीट?"

तिला दोन मिनिटांत कळलं ते मला तीन आठवडे कळलं नव्हतं.

आता हे का झालं ते बघू. मिथाइलफेनिडेट मेंदूतल्या डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या रसायनांचा परिणाम वाढवतं. एडीएचडीत त्याने लक्ष टिकायला मदत होते. पण बायपोलर असलेल्या माणसाचा मूड वर जाऊ शकतो, आणि त्याला खाली धरून ठेवणारं औषध नसेल तर ही गोळी धक्का देऊ शकते.

यावर स्वीडनमधला एक चांगला अभ्यास २०१७ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्री'त आला. तिथल्या राष्ट्रीय नोंदींमधून मिथाइलफेनिडेट सुरू केलेल्या, बायपोलर असलेल्या २,३०७ प्रौढांची माहिती तपासली. प्रत्येकाची तुलना त्याच्याच आधीच्या काळाशी केली. ज्यांना मूड स्टॅबिलायझर चालू नव्हता, त्यांच्यात पहिल्या तीन महिन्यांत मॅनियाचा धोका सुमारे ६.७ पट झाला. ज्यांना तो चालू होता, त्यांच्यात धोका वाढलेला दिसला नाही. गोळी तीच, फरक फक्त सोबत काय आहे याचा. मी पहिल्या गटातला नमुना होतो.

म्हणून डॉक्टर सहसा जो क्रम धरतात तो असा: आधी मूड स्थिर करायचा, मग जे उरेल त्याच्याकडे बघायचं.

'जे उरेल' हे महत्त्वाचं आहे, कारण लक्ष न लागण्याची कारणं अनेक असतात. डिप्रेशनमध्ये लक्ष लागत नाही. हायपोमेनियात ते भरकटतं. झोप कमी असेल तरी तेच. लिथियममुळे थायरॉइड मंदावू शकतं, त्यानेही डोकं जड राहतं. यातलं एकही एडीएचडी नाही. बग नक्की कुठे आहे हे न बघता पॅच मारला तर काय होतं, हे इंजिनिअर लोकांना वेगळं सांगायला नको.

मग फरक ओळखायचा कसा? माझ्या आताच्या डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले.

पहिला: "हे कधीपासून आहे?" बायपोलरची लक्षणं एपिसोडमध्ये येतात आणि जातात. एडीएचडी लहानपणापासून असतं आणि मूड ठीक असतानाही असतं. निदानाच्या निकषांतच आहे की काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली हवीत. आईने माळ्यावरून शाळेची प्रगतीपुस्तकं काढली. दुसरीपासून सातवीपर्यंत जवळपास प्रत्येकात एकच शेरा: हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते. डॉक्टरांसाठी ती प्रगतीपुस्तकं माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा कामाची ठरली.

दुसरा: "कमी झोपलात की दुसऱ्या दिवशी थकवा येतो का?" एडीएचडीवाला उशिरा झोपतो आणि दुसऱ्या दिवशी पेंगतो. हायपोमेनियात झोपेची गरजच कमी वाटते. दोनच्या आधी झोप नाही आणि तरी चार्ज फुल्ल, असं असेल तर सावध व्हा.

माझ्या बाबतीत मिथाइलफेनिडेट बंद झालं आणि लिथियम सुरू झालं. पाच महिने एडीएचडीसाठी एकही गोळी नाही. ते महिने वाईट होते. वर गेलेला मूड खाली आपटला, आणि कामात मी निम्मासुद्धा उरलो नव्हतो. मॅनेजरला आजाराचं नाव न सांगता 'तब्येतीचं आहे' एवढंच सांगितलं आणि काम कमी करून घेतलं. या काळात गोळीशिवायचे उपाय आधाराला आले: झोपण्या-उठण्याची ठरलेली वेळ, एका वेळी एकच टिकेट, आणि एडीएचडीसाठीची सीबीटी, म्हणजे कामं छोट्या तुकड्यांत पाडायची सवय. यातल्या कशानेही मॅनिया होत नाही, म्हणून हे पहिल्या दिवसापासून करता येतं.

मूड टिकलाय असं दिसल्यावर मिथाइलफेनिडेट परत आलं. या वेळी सगळ्यात कमी डोस, सकाळीच, आणि लिथियमसोबत. दर दोन आठवड्यांनी भेट, बीपी आणि नाडी तपासणी. दुसरा पर्याय ॲटोमॉक्सेटिनचा होता. ते स्टिम्युलंट नाही आणि परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. पण त्यानेही मूड उसळू शकतो, म्हणजे 'स्टिम्युलंट नाही, म्हणून सुरक्षित' असं समजू नका.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. मिथाइलफेनिडेट आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये येतं. प्रिस्क्रिप्शनच्या दोन प्रती लागतात, एक मेडिकलवाला ठेवून घेतो, आणि ते प्रत्येक दुकानात मिळत नाही. व्हिडिओ कॉलवर ते लिहून द्यायला परवानगी नाही. मित्राची गोळी 'एकदा घेऊन बघू' हा प्रकार तर अजिबात नको. लिथियम चालू असेल तर त्याची रक्तातली पातळी, थायरॉइड आणि किडनी यांच्या तपासण्या वेळेवर करा. डोकं दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन घेण्याआधी विचारा, कारण त्याने लिथियमची पातळी वाढू शकते.

आणि घरातल्या एका माणसाला तुमची धोक्याची चिन्हं सांगून ठेवा. माझी यादी आईकडे आहे: सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप, भरभर बोलणं, मोठी खरेदी. यातलं काहीही दिसलं की ती मला न विचारता डॉक्टरांना फोन करू शकते. हे आधीच ठरवलंय, कारण त्या वेळी मी 'मला काही झालेलं नाही' असंच म्हणणार.

आज मी कसा आहे? ठीक. टॅब अजूनही पाच असतात, पण मूळ टिकेट संध्याकाळपर्यंत बंद होतं. पहिल्या आठवड्यातला तो स्वर्ग परत आला नाही. तो गोळीचा गुण नव्हता, एपिसोडची सुरुवात होती, हे मान्य करायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. ताईचं लग्न झालं, तिचे पैसे मी चौदा हप्त्यांत फेडले.

तुम्ही नव्या डॉक्टरांकडे जाणार असाल तर एकच विनंती. मी जे लपवलं ते लपवू नका. जुनं निदान, बंद केलेल्या गोळ्या, घरात कुणाला बायपोलर असेल तर तेही, सगळं सांगा. आणि आत्ता कुणाला फार जड जात असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

झोपा वेळेवर. भेटू पुढच्या भागात.