परक्या शहरात पुस्तकांचं दुकान

१९१९ मध्ये सिल्विया बीच या अमेरिकन बाईंनी पॅरिसमध्ये 'शेक्सपिअर अँड कंपनी' हे इंग्रजी पुस्तकांचं दुकान थाटलं. विकत घेणं न परवडणाऱ्यांना त्या वर्गणी घेऊन पुस्तकं वाचायला देत. १९२२ मध्ये जेम्स जॉइसची 'युलिसिस' त्यांनीच प्रकाशित केली.

जर्मन ताब्यातल्या पॅरिसमध्ये १९४१ साली हे दुकान बंद पडलं.

मुंबईतही टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये स्ट्रँड सिनेमात पुस्तकांचा छोटा स्टॉल मांडला. सवलतीत पुस्तकं देऊन त्यांनी वाचक जोडले. पुढे फोर्टमध्ये गेलेलं 'स्ट्रँड' २०१८ मध्ये बंद झालं.

वाचकाच्या खिशाचा विचार, हे दोन्ही दुकानांचं बळ होतं. रेणापूरसारख्या तालुक्याच्या गावी कुणी असं दुकान काढलं, तर पहिली वर्गणी आपण भरावी.