आरसी स्वच्छ, गाडी बुडालेली
लेखमाला : जुनी गाडी, नवा मालक – भाग ६

जुलै २०२२ मध्ये वर्धा नदी फुगली, इरई धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि चंद्रपूर शहरात रहमतनगरसारख्या नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. बल्लारपूर-राजुरा मार्ग बंद पडला. घरांचे, गुरांचे, कपाशी-सोयाबीनचे पंचनामे झाले. पुरात सापडलेल्या गाड्यांचा हिशेब मात्र मालक, विमा कंपनी आणि गॅरेज यांच्यापुरताच राहतो. अशी गाडी पाणी ओसरल्यावर नाहीशी होत नाही. ती धुतली जाते, सुकवली जाते आणि बहुतेक वेळा आपल्या गावापासून लांबच्या बाजारात विकायला उभी राहते.

मागच्या भागांत रोजच्या वापराच्या जुन्या गाड्यांचा विचार झाला. या आठवड्याची गाडी वेगळी आहे: दोन दारांची, जमिनीला टेकलेली, ताकदवान इंजिनाची. कोळसा, सिमेंट आणि ठेकेदारीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या चंद्रपूर-बल्लारपूर पट्ट्यात अशा गाडीची हौस असणारे तरुण आहेत, आणि त्यात गैर काहीच नाही. २०१६ मध्ये फोर्ड मस्टँग अधिकृतपणे भारतात आली, तेव्हापासून ही हौस पोस्टरवरून रस्त्यावर आली. सेकंडहँड बाजारात अशी गाडी अधूनमधून निम्म्या भावात दिसते. एजंटला खोदून विचारलं, की कारण दोन शब्दांत कळतं: टोटल लॉस.

हे दोन शब्द ऐकून चक्काचूर झालेली गाडी डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात तो पैशांचा हिशेब आहे. विमा पॉलिसीत गाडीची एक घोषित किंमत असते, तिला आयडीव्ही म्हणतात. गाडी दोन ते तीन वर्षांची असेल तर मूळ किमतीतून ३० टक्के घसारा वजा होतो, चार ते पाच वर्षांची असेल तर ५० टक्के. दुरुस्तीचा खर्च या आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. समजा, ६० लाखांची गाडी अडीच वर्षांची आहे. आयडीव्ही झाली ४२ लाख, मर्यादा झाली साडेएकतीस लाख. आयात गाडीचे दोन हेडलॅम्प, बंपर, बॉनेट, रेडिएटर, उघडलेल्या एअरबॅग आणि त्यांचं मॉड्यूल यांची बेरीज तिथवर जाऊ शकते, मग भले चेसिसला ओरखडाही नसो. बंगळुरूच्या सप्टेंबर २०२२ च्या पुरात बुडालेल्या एका पोलो टीएसआयचं प्रकरण देशभर गाजलं होतं. गाडी सुमारे ११ लाखांची आणि वर्कशॉपने दिलेला दुरुस्तीचा अंदाज २२ लाखांचा!

म्हणजे टोटल लॉस झालेल्या दोन गाड्यांत जमीन-अस्मानाचं अंतर असू शकतं. एकीची फक्त कातडी सोललेली असते, दुसरीचा कणा मोडलेला असतो. खरेदीदाराला कळायला हवं ते एवढंच, की समोरची गाडी यांतली कोणती.

इथेच आपली व्यवस्था त्याला उघड्यावर सोडते. अमेरिकेत बहुतेक राज्यांत अशा गाडीच्या मालकीपत्रावरच ‘सॅल्व्हेज’ असा शिक्का बसतो आणि दुरुस्त करून तपासून घेतली तरी ‘रिबिल्ट’ ही ओळख पुसली जात नाही. तिथेही पळवाटा आहेतच. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर बुडालेल्या गाड्या सैल नियमांच्या राज्यांत नेऊन कागद ‘धुवून’ घेण्याचे प्रकार झाले. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१७ पासून विमा कंपन्या अशा गाड्यांचे चार वर्ग करतात. दोन वर्गांतल्या गाड्या पुन्हा रस्त्यावर आणायला बंदीच आहे. उरलेल्या दोहोंत सांगाड्याला मार बसलेल्या गाड्या एका वर्गात आणि न बसलेल्या दुसऱ्या वर्गात.

भारतातल्या आरसीवर अशी नोंदच नसते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ नुसार गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं. पण टोटल लॉस ठरलेली, तरीही दुरुस्त होऊ शकणारी गाडी ‘नष्ट’ म्हणायची का? या फटीतूनच बाजार चालतो. विमा कंपनी दावा चुकता करते, सांगाडा लिलावात जातो किंवा मालक त्याची किंमत वजा करून स्वतःकडे ठेवतो, आणि आरसी जिवंत असेल तर गाडी कागदोपत्री निष्कलंक राहते.

जिवंत आरसीला चोरांच्या बाजारातही किंमत आहे. अपघातात संपलेल्या गाडीचे कागद घ्यायचे, त्याच मॉडेलची चोरीची गाडी आणायची आणि तिच्यावर मेलेल्या गाडीचा चेसिस नंबर चढवायचा. अशी टोळी लखनौ पोलिसांनी २०२० मध्ये पकडली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने डीसी अवंती ही देशी बनावटीची स्पोर्ट्स कार जप्त केली. एकाच इंजिन आणि चेसिस क्रमांकावर तमिळनाडूत आणि हरियाणात अशी दोन ठिकाणी नोंदणी झाल्याचा पोलिसांचा आरोप होता, आणि त्या प्रकरणात अवंतीच्या निर्मात्याला अटकही झाली. आरोप म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे. तरी स्पोर्ट्स कार घेणाऱ्याने यातून घ्यायचा धडा स्पष्ट आहे: कागदावरचा नंबर आणि धातूवर कोरलेला नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवल्याशिवाय इसार देऊ नये. कोरलेल्या जागेभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा असतील तर तिथूनच परत फिरावं.

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला, की ती कितव्या मालकाकडे आहे, कर्जाचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत आहे, हे दिसतं. चोरीची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’वर पाहता येते. टोटल लॉस मात्र यातल्या कशानेच कळेल याचा भरवसा नाही. तो शोधायची एक साधी वाट विमा पॉलिसीतूनच जाते. विक्रेत्याकडून मागच्या तीन-चार वर्षांच्या पॉलिसी मागाव्यात आणि ‘नो क्लेम बोनस’चा रकाना बघावा. दावा न करता वर्षं गेली तर ही सवलत २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जाते. एकाच मालकाकडे राहिलेल्या गाडीचा बोनस ४५ वरून एकदम शून्यावर आला असेल, तर आदल्या वर्षी बहुधा दावा झाला आहे. मग सर्वेअरचा अहवाल आणि बिलं मागायची. पॉलिसी हरवल्या असं सांगणाऱ्या माणसाकडून महागडी गाडी घेऊ नये, असं या लेखमालेचं ठाम मत आहे.

अपघाताचा मार चांगला कारागीर शोधू शकतो. बॉनेटखालचे एप्रन, दारांचे खांब, डिकीच्या तळाचे कारखान्यातले स्पॉट वेल्ड, रंगाची जाडी मोजणारं यंत्र, हे सगळं बोलतं. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. तो लागतच नसेल तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केला आहे, आणि स्टिअरिंगच्या झाकणामागे एअरबॅग असेलच असं नाही.

पाण्याचा मार असा समोर येत नाही. स्पोर्ट्स कारचं पोट जमिनीपासून साधारण १३०-१४० मिलिमीटरवर असतं, त्यामुळे जीपगाडी सहज पार करेल त्या पाण्यात तिच्या केबिनमध्ये गाळ शिरतो. इंजिनात पाणी ओढलं गेलं, की ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तो खर्च मोठा असला तरी निदान दिसतो. खरी कीड वायरिंगच्या जोडांत लागते. कंट्रोल युनिट, सेन्सर, सीटखालचे कनेक्टर आतून हिरवे पडत जातात, आणि बिघाड सहा महिन्यांनी, वर्षाने वर येतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर पाण्याची रेघ आहे का बघावी, गालिचा उचलून गाळाचा वास घ्यावा, स्कॅनर लावावा. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, चेन्नई २०१५ मध्ये बुडाली, हैदराबाद ऑक्टोबर २०२० मध्ये. हैदराबादहून आसिफाबादमार्गे राजुरा काही दूर नाही, म्हणून तेलंगण पासिंगची गाडी स्वस्तात मिळत असेल तर त्या तारखांना ती कुठे उभी होती, हा प्रश्न विचारायलाच हवा.

आता आपले चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे. अशा गाड्यांच्या अधिकृत वर्कशॉपसाठी नागपूर गाठावं लागतं, म्हणजे चंद्रपूरहून सुमारे दीडशे किलोमीटर. सिरोंच्याच्या माणसाला तर गडचिरोलीच दोनशेच्या आसपास पडते, आणि आलापल्ली-सिरोंचा रस्त्याचे हाल साऱ्या विदर्भाला ठाऊक आहेत. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला, की वाटच बंद होते. चंद्रपूर-मूल मार्गावर संध्याकाळी जंगलातून केव्हा काय आडवं येईल ते सांगता येत नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर असताना कूलिंग आणि वायरिंग कच्चं असलेली गाडी ज्या ठिकाणी बंद पडेल, तिथे टो करायला येणारा ट्रकही तासन्‌तास मिळायचा नाही. निम्म्या भावातली बचत इथे मुंबई-पुण्यापेक्षा फार लवकर संपते.

म्हणून बुडालेली गाडी कोणत्याही भावात घेऊ नये, आणि सांगाडा वाकलेली गाडीही नाही. चोरीला जाऊन सापडलेली आणि विमा कंपनीने रीतसर विकलेली गाडी, किंवा फक्त बाहेरचे पत्रे-दिवे-एअरबॅग यांमुळे टोटल लॉस ठरलेली आणि एकेका भागाचं बिल असलेली गाडी, यांचा विचार करता येईल. भाव मात्र स्वच्छ गाडीच्या निम्म्याहूनही खाली असावा, कारण उद्या विकताना हाच प्रश्न पुढचा गिऱ्हाईक विचारणार आहे.

पैसे देण्याआधी विमा कंपनीकडून गाडीची पाहणी करून घ्यावी. स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण ती देणार आहे का आणि किती आयडीव्हीवर, हे लेखी घ्यावं. नुसत्या थर्ड पार्टीवर तीस लाखांची गाडी मूल मार्गावर काढणं परवडणार नाही. ५०० रुपयांच्या मुद्रांकावरच्या करारात विक्रेत्याने गाडीचे सगळे दावे, पूर आणि अपघात नोंदवावेत. गाडी व्यावसायिक विक्रेत्याची असेल आणि त्याने काही दडवलं असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार खरेदीदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे चंद्रपूरला किंवा गडचिरोलीलाच तक्रार करता येते.

(पुढील भागात : दिल्लीच्या जुन्या डिझेल गाड्या, एनओसी आणि एमएच-३४, एमएच-३३ पासिंगचा खर्च)