शरद ऋतूतील पाहुणे आणि तुरीचे पीक

धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे २८ ऑक्टोबरनंतर बंद होतात व गोदावरीचे पाणी साठू लागते. या सुमारास नदीकाठी उत्तरेकडून धोबी पक्षी आलेले दिसतात. भोरड्यांचे थवेही शिवारात उतरतात. पाण्यावर चतुर घिरट्या घालतात. त्यांपैकी काही जातींचे चतुर याच ऋतूत अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात, असे अभ्यासकांचे मत आहे.

तूर फुलोऱ्यात येण्याचा काळही हाच. घाटेअळीचा पतंग कळ्या-फुलांवर अंडी घालतो. कोतवाल, साळुंकी व भोरड्या अळ्या वेचून खातात, तर चतुर उडते किडे टिपतो. सरसकट विषारी फवारणी केल्यास हे मित्रही नाहीसे होतात आणि अळी मात्र पुन्हा वाढते.

म्हणून शेतकरी बंधूंनी हेक्टरी ५० पक्षीथांबे व ५ कामगंध सापळे लावावेत. सापळ्यात सलग तीन दिवस दररोज ८ ते १० पतंग आढळल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. भोरड्या पुढे ज्वारीच्या कणसांवरही बसतात. दाणा भरताच तेथे राखण ठेवावी. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गावातील सापळ्यांची नोंद दररोज ठेवावी.