कोरडा ओहोळ आणि पाण्याचा कायदा

मे महिन्यात आपल्या गावाबाहेरचा एखादा ओहोळ पाहिला आहे काय? तळाशी दगडगोटे, कडेला वाळलेले गवत, आणि पाण्याचा मात्र थेंब नाही. कोणी तेथे राख आणून टाकतो, कोणी रंगाचे रिकामे डबे टाकतो, तर कोणी गाडीचे काळे झालेले तेल ओतून जातो. हटकले तर उत्तर मिळते, “इथे पाणी आहेच कुठे?”

आता सांगा, हा कोरडा ओहोळ म्हणजे नदी की नुसती जमीन?

आपल्या देशाच्या कायद्याने या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवले आहे. पाण्याचे प्रदूषण रोखण्यासाठी १९७४ साली संसदेने जो कायदा केला, त्यात ‘प्रवाह’ या शब्दाची व्याख्या आहे. तीत नदी येते, जमिनीखालचे पाणी येते, समुद्राचे आणि भरती-ओहोटीचे पाणी येते. आणि पाण्याची जी वाट वाहती आहे किंवा तूर्त कोरडी आहे, तीही येते. म्हणजे मे महिन्यातला तुमचा ओहोळ कायद्याच्या दृष्टीने प्रवाहच! हे शब्द वकिलांनी उगाच घातलेले नाहीत. त्यामागचे शास्त्र समजून घेण्यासाठी आपण रायगड जिल्ह्यातील रोहा आणि पेण या दोन गावांकडे जाऊ.

प्रथम थोडे गणित करू. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर पाणी जमते. जूनमधल्या पहिल्या सरीत १० मिलिमीटर पाऊस झाला असे धरा. एका हेक्टरवर एक लाख लिटर पाणी झाले. कोकणात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्या हिशेबाने हेक्टरी तीन कोटी लिटर पाणी! पण नदीच्या दृष्टीने या तीन कोटींपैकी सर्वांत घाण पाणी असते ते पहिल्या लाखभर लिटरांचे. ऑक्टोबरपासून मेपर्यंत आठ महिने रस्त्यांवर, पत्र्यांवर, अंगणांत आणि गटारांत जे काही साचलेले असते, ते ही पहिली धुवणी एका झपाट्यात नदीत नेऊन टाकते.

आता रोह्याला चला. गावाशेजारून कुंडलिका नदी वाहते. तिची एक गंमत आहे. कोकणातल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात डबक्यांपुरत्या उरतात, पण कुंडलिका ऐन मे महिन्यातही वाहते. हे पाणी तिचे स्वतःचे नव्हे. सह्याद्रीच्या पलीकडे, पुणे जिल्ह्यात, मुळा नदीवर मुळशीचे धरण आहे. तेथील पाणी घाटाखाली भिरा येथील वीजगृहात सोडले जाते. हे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. जनित्रे फिरवून झाली की ते पाणी कुंडलिकेत येते. एरवी पूर्वेकडे वाहत भीमेला मिळाले असते, ते पाणी असे अरबी समुद्राच्या वाटेला लागते. कोलाडजवळ डोलवहाळ येथे ते बंधाऱ्याने अडवले आहे आणि तेथून शेतीसाठी कालवे निघतात. (डोलवहाळ या नावातला ‘वहाळ’ म्हणजे ओढाच, हे तुमच्या ध्यानात आले असेलच.) वीजनिर्मिती चालू असली की वरच्या भागात नदीचे पाणी चढते, थांबली की उतरते.

रोह्याजवळ धाटाव येथे औद्योगिक विकास महामंडळाचे औद्योगिक क्षेत्र आहे. येथील बरेचसे कारखाने रसायनांचे. वर बारमाही वाहती नदी, खाली भरती-ओहोटीची खाडी, मग कोणी म्हणेल, “एवढ्या पाण्यात थोडे सांडपाणी मिसळले तर काय बिघडले?” पाहू या.

माशांना लागणारा प्राणवायू पाण्यात विरघळलेला असतो, पण फार थोडा. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम. सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ जीवाणू खातात आणि ते खाताना हा प्राणवायू वापरतात. किती वापरतील, ते मोजण्याच्या मापाला ‘जैवरासायनिक प्राणवायू मागणी’ म्हणतात. आपल्या देशात हे माप २७ अंश तापमानाला तीन दिवस नमुना ठेवून घेतात. समजा एका सांडपाण्याची मागणी लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे. ३०० ला साडेसातने भागा. उत्तर येईल ४०. म्हणजे असले एक लिटर पाणी ४० लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा प्राणवायू फस्त करू शकते! नदी हवेतून नवा प्राणवायू घेत असते, हे खरे. पण त्याला वेळ लागतो आणि मासा तेवढा वेळ श्वास रोखून धरू शकत नाही.

म्हणून नियमांनी हद्द घातली. प्रक्रिया केलेले सांडपाणी नदीनाल्यात सोडायचे, तर ही मागणी लिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी. किनाऱ्याच्या समुद्रात सोडायचे, तर १०० पर्यंत चालेल. आम्ल-अल्कतेचा निर्देशांक ५.५ ते ९ यांमध्ये असावा. ही देशातील सर्वसाधारण मानके झाली. उद्योगाप्रमाणे ती याहून कडकही असतात.

येथे एक पळवाट तुमच्या ध्यानात आली का? कोणी एक लाख लिटर सांडपाण्यात नऊ लाख लिटर पावसाचे पाणी मिसळले, तर ३० चा आकडा ३ वर येईल. बाटलीतला नमुना झकास उतरेल. पण नदीत गेलेली घाण किती? आधीही तीन किलोग्रॅम आणि नंतरही तीनच किलोग्रॅम! ‘तीव्रता’ आणि ‘एकूण भार’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेत घनतेच्या गणितात आपण जी चूक करतो, तीच येथे मुद्दाम करता येते. म्हणूनच कारखान्याला दिलेल्या संमतीपत्रात लिटरमागची मर्यादा तर असतेच, शिवाय रोज किती पाणी सोडायचे हेही ठरवून दिलेले असते. आणि सांडपाण्याची गटारे पावसाच्या गटारांपासून वेगळी ठेवावी लागतात.

वेगळी ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. रोह्यात सांडपाणी शुद्ध करण्यासाठी कारखान्यांचे सामायिक शुद्धीकरण केंद्र आहे. अशा केंद्रात घाण खाणारे जीवाणू पोसलेले असतात. त्यांना ठराविक गतीने खाद्य मिळावे लागते. पावसाचे लोट तेथे शिरले तर जीवाणूच वाहून जातात, आणि मग पाऊस थांबल्यावरही कित्येक दिवस केंद्राचे काम रुळावर येत नाही. मग पहिल्या धुवणीचे काय करायचे? तिला निराळे पकडायचे. आवारात सांडलवंड होणारी जागा छपराखाली घ्यायची, टाक्यांभोवती कट्टे बांधायचे, पहिले काही मिलिमीटर पाणी एका हौदात साठवायचे आणि सवडीने थोडे थोडे शुद्धीकरणास पाठवायचे. नंतरचे स्वच्छ पाणी खुशाल ओहोळात जाऊ द्यावे. यात कोणतेही अवघड यंत्र नाही. अवघड आहे ते मे महिन्यात हौद रिकामा आणि गटार झाडलेले ठेवणे.

कायद्याचा इतिहासही मोठा मनोरंजक आहे. १९६९ च्या जूनमध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे कायाहोगा नदीवरच्या तेलकट तवंगाने पेट घेतला, आणि पाणी जळू शकते हे साऱ्या जगाने पाहिले. त्याच वर्षी महाराष्ट्राने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा केला आणि १९७० साली त्याखाली मंडळ स्थापन झाले. केंद्राचा कायदा त्यानंतरचा, १९७४ चा. पाणी हा राज्यांचा विषय असल्यामुळे संसदेला आधी राज्यांचे ठराव मिळवावे लागले. स्वतःचा कायदा असलेल्या महाराष्ट्राने केंद्राचा कायदा स्वीकारला तो १९८१ साली. १९८८ च्या दुरुस्तीने मंडळाला कारखाना बंद करण्याचे आणि त्याची वीज व पाणी तोडण्याचे आदेश देण्याचा अधिकार मिळाला. माझ्या मते दंडापेक्षा हा अधिकार जरबेचा, कारण दंड खर्चात धरता येतो, बंद पडलेला कारखाना धरता येत नाही. २०२४ साली संसदेने आणखी एक दुरुस्ती करून काही अपराधांना तुरुंगवासाऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड ठेवला.

पण या साऱ्या कायद्याची नजर मुख्यतः नळाच्या तोंडावर असते. तेथे अधिकारी बाटली धरू शकतो. पावसाच्या पाण्याला असे एक तोंड नसते. ते शंभर वाटांनी येते. अमेरिकेचा मोठा कायदा १९७२ चा, पण कारखान्यांच्या आवारातील पावसाच्या पाण्याला परवाना लावण्याची स्पष्ट तरतूद त्यात १९८७ साली झाली. ‘तूर्त कोरडा’ हे आपल्या व्याख्येतले दोन शब्द किती कामाचे आहेत, ते आता कळेल. जूनच्या लोंढ्यात गुन्हेगार शोधणे कठीण, पण मे महिन्यात कोरड्या ओहोळात घाण टाकणारा तेथेच आणि त्याच दिवशी दिसतो.

पेणची तऱ्हा निराळी. गावाजवळून भोगावती नदी जाते आणि पश्चिमेला खाडीकाठचा खारेपाट सुरू होतो. येथील शेतकऱ्यांनी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून भातशेती राखली. बांधात जागोजाग उघाडी असते. उघाडी म्हणजे बाहेरच्या बाजूला उघडणारे झडपेचे दार. ओहोटीला बाहेरचे पाणी उतरले की शेतातले पावसाचे पाणी त्या दाराला ढकलून बाहेर पडते. भरती आली की समुद्रच दार दाबून बंद करतो. ना मोटर, ना पहारेकरी! पावसाच्या पाण्याची व्यवस्था याहून सोपी कोणी करून दाखवावी.

परंतु मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, की उघाडी बंदच राहते आणि पाणी आत तुंबते. गावातून प्लास्टिक, तेल, मैला जे काही आलेले असेल, ते तेवढे तास भाताच्या मुळाशी बसते. पूर्वी वरची भातखाचरे हे पाणी धरून ठेवत. दहा सेंटिमीटर पाणी उभे राहिलेले एक हेक्टर खाचर दहा लाख लिटर सांभाळते. त्यावर मातीचा भराव घालून इमारती उठल्या, की ते दहा लाख लिटर थेट उघाडीकडे धावतात.

आणि पेण म्हटले की गणपती आलेच. पेण आणि हमरापूरच्या कारखान्यांतून मूर्ती दूरदूर जातात. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवले की पुन्हा जिप्समचा दगड होतो, आणि एक लिटर पाण्यात जिप्सम जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. म्हणून मूर्ती तळाशी दीर्घकाळ तशीच राहते. शाडूची माती काही तासांत सुटते. रंगांतले जड धातू मात्र दोन्ही मूर्तींवर सारखेच घातक, हे लोक विसरतात. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत प्लास्टरच्या मूर्तींना मनाई झाली आणि हजारो हातांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवू द्याव्यात, पण न्यायालयाच्या परवानगीवाचून त्या नैसर्गिक पाण्यात विसर्जित करू नयेत, असे सांगितले. जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जित कराव्यात, असे ठरले. घडवणाऱ्याचा हात चालू ठेवायचा आणि नदीही राखायची, अशी ही तारेवरची कसरत आहे.

शेवटी एक प्रयोग. येत्या जूनमध्ये शाळेजवळच्या रस्त्यालगतच्या गटाराचे पाणी घ्या. (कारखान्याच्या गटाराला हात लावू नका, आणि नंतर साबणाने हात धुवा.) पहिल्या पावसात पाणी वाहू लागताच एक बाटली भरा, अर्ध्या तासाने दुसरी, आठवड्यानंतरच्या पावसात तिसरी. बाटल्या काचेच्या, सारख्या मापाच्या आणि घट्ट बुचाच्या असाव्यात. शिक्षकांकडून मिथिलीन ब्लूचे पातळ द्रावण घेऊन प्रत्येकीत सारखे थेंब टाका. बाटली काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, आणि बूच लावून अंधाऱ्या कपाटात ठेवा. जीवाणूंनी प्राणवायू संपवला की निळा रंग नाहीसा होतो. रोज एकाच वेळी कपाट उघडून कोणत्या बाटलीचा रंग केव्हा गेला ते वहीत मांडा. चौथी बाटली नळाच्या पाण्याची ठेवायला विसरू नका. तुलनेला काहीतरी हवे.