सोवळा बाँड

१९६३ साली कन्नड पडद्यावर संत तुकाराम झालेला नट पाच वर्षांनी त्याच पडद्यावर पिस्तूल रोखून उभा राहिला. नट राजकुमार, आणि चित्रपट १९६८चा ‘जेडर बले’, म्हणजे कोळ्याचं जाळं. हलक्या धातूचं सोनं करण्याचं सूत्र आणि त्यामागे लागलेली टोळी, असा मामला. सोन्याची हाव काही नवी नव्हे. पण देशात सुवर्णनियंत्रणाचे नियम १९६३पासून लागू होते आणि त्याचा रीतसर कायदाही याच १९६८ साली झाला. तेव्हा ही कथा प्रेक्षकाला अगदीच परकी वाटली नसावी.

हेरांना आकडे लावण्याची तेव्हा साथच होती. तेलुगूत कृष्णा ‘११६’ झाला, त्याच चित्रपटावर बेतलेल्या हिंदी ‘फर्ज’मध्ये जितेंद्र झाला. कन्नडमध्ये दोरै-भगवान या दिग्दर्शक जोडीने ‘जेडर बले’तून ‘सीआयडी ९९९’ उभा केला. त्यातले दोरैराज मूळचे छायालेखक. काळ्या-पांढऱ्या फितीवर सावल्यांचा खेळ करून रहस्य रंगवायचं, तर अशा माणसाचा उपयोग होणारच.

खरी अडचण वेगळी होती. या हेरांचा मूळ नमुना जेम्स बाँड; त्याच्या हातात मद्याचा पेला आणि शेजारी नवी ललना, तर राजकुमारांचे चाहते त्यांना जवळजवळ देवघरात बसवलेले. पडद्यावर दारू-सिगारेटपासून ते कटाक्षाने दूर राहत. मग बाँडमधून बाँडच काढून घेतला, तर उरतं काय? उरतात वेशांतर, मारामारी, यंत्रांची करामत आणि बेरकी संवाद. माझ्या मते तेवढ्यावर ही मालिका उभी राहिली, यातच तिची गंमत आहे.

त्याच वर्षी ‘गोवादल्ली सीआयडी ९९९’ आला. पुढे दक्षिणेत गाजलेल्या लक्ष्मीचं कन्नडमधलं पदार्पण याच चित्रपटातलं. गोव्याची निवड मला हुशारीची वाटते. पोर्तुगीज जाऊन जेमतेम सात वर्षं झाली होती. समुद्र, चर्च, जुन्या घरांच्या बाल्कन्या, असा अर्धा परदेश बेंगळुरूच्या प्रेक्षकाला पासपोर्टवाचून मिळत होता, आणि निर्मात्याला विमानाच्या तिकिटांवाचून.

तिसरा भाग १९६९चा, ‘ऑपरेशन जॅकपॉटनल्ली सीआयडी ९९९’. मग दोरै-भगवान यांनी हेरगिरी बाजूला ठेवून ‘कस्तुरी निवास’सारखे कौटुंबिक चित्रपट केले, आणि त्यांचं नाव खरं त्यावरच टिकलं. ९९९ परतला तो थेट १९७८मध्ये, ‘ऑपरेशन डायमंड रॅकेट’मध्ये. आता पडदा रंगीत झाला होता आणि कथानक नेपाळपर्यंत पोचलं होतं. पूर्वी गाण्यांत राजकुमारांना पी. बी. श्रीनिवास यांचा आवाज असे. १९७४च्या ‘संपत्तिगे सवाल’पासून ते स्वतःच गाऊ लागले होते. त्यामुळे लहानपणीच शाळा सुटलेल्या या माणसाने जी. के. वेंकटेश यांच्या चालीवर चक्क इंग्रजी गाणं झोकात म्हटलं. इंटरनेटवर त्याची आजही मनमुराद थट्टा आणि तितकीच मनमुराद नक्कल चालते. आपण एका हेराचं गाणं ऐकतोय, हे थट्टा-नक्कल करणाऱ्यांतल्या निम्म्यांना तरी ठाऊक असेल का, शंकाच आहे.