खट् आवाज कुठून येतो? जुन्या बुलेटचा फोर्क आणि अनुमानाची शिस्त

अनुमानावर बोलताना धूर आणि अग्नी हे उदाहरण आपण किती वर्षं घेत आलो आहोत! ते चांगलंच आहे, पण त्यात चूक झाली तर कुणाचं काही बिघडत नाही. म्हणून आज आपण असं उदाहरण घेऊ, ज्यात चुकीच्या अनुमानाची किंमत मोजावी लागते. जुनी बुलेट आहे. पुढचा ब्रेक लावला किंवा खड्ड्यातून गेली की हँडलखालून खट्, खट् असा आवाज येतो. आता हा आवाज कशाचा?

आधी वस्तूची ओळख करून घेऊ. बुलेट मूळची इंग्लंडमधल्या रेडिचची. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली आणि तिथे ही गाडी जोडली जाऊ लागली. तिच्या पुढच्या चाकाला धरणारे दोन पाय म्हणजे टेलिस्कोपिक फोर्क. आपल्याकडे त्याला सरसकट ‘शॉकअप’ म्हणतात. तेलाने दमन होणारा असा फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये आपल्या आर-१२ या गाडीवर आणला आणि पुढे तीच पद्धत रूढ झाली. रचना सोपी आहे. एका नळीत दुसरी नळी सरकते. आतली स्प्रिंग भार पेलते. तेल बारीक छिद्रांतून जाताना अडतं, त्यामुळे स्प्रिंगची उसळी आवरली जाते. सरकण्याच्या जागी बुश असतात, तेल बाहेर येऊ नये म्हणून वर सील असतं. हे दोन्ही पाय वर एका दांड्याला जोडलेले असतात, आणि तो दांडा चासीच्या नळीत वर-खाली बसवलेल्या छर्ऱ्यांवर फिरतो. यालाच गॅरेजमध्ये ‘कोनसेट’ म्हणतात.

म्हणजे रस्ता आणि हँडल यांच्यामध्ये बरेच सांधे आहेत. चाकाचं बेअरिंग, एक्सेल धरणाऱ्या टोप्या, ब्रेकची प्लेट, बुश, स्प्रिंग, कोनसेट. यातला कुठलाही सांधा ढिला असला तरी आवाज एकच, खट्! शिवाय धातू आवाज वाहून नेतो. खालच्या टोपीत झालेली टकटक वर हँडलपाशी ऐकू येते. म्हणून कानावर विसंबून जागा ठरवता येत नाही. कान आपल्याला प्रसंग सांगतो, म्हणजे आवाज कधी होतो ते. जागा कळते ती बोटाला.

न्यायदर्शनाने सोळा पदार्थ सांगितले. त्यात संशय तिसरा आहे आणि निर्णय नववा. मधे प्रयोजन आहे, दृष्टांत आहे, तर्क आहे. आपल्या नेहमीच्या व्यवहारात काय होतं? आवाज आला की कुणीतरी म्हणतं, “कोनसेट गेलाय, आवळून टाका.” तिसऱ्या पायरीवरून थेट नवव्या पायरीवर उडी. मधल्या पायऱ्या चढायच्या म्हणजे काय करायचं, ते आता बघू.

पहिली पायरी प्रसंगाची. आवाज नेमका कधी होतो? हळू चालवताना ब्रेक लावल्या-लावल्या एकदाच खट् झालं, तर एखादा सांधा पुढे-मागे हलतोय असा संशय घ्यावा. मोठ्या खड्ड्यात फोर्क पूर्ण दबल्यावर आवाज झाला, तर तो तळाला आपटतोय. उलट, स्पीडब्रेकर ओलांडून चाक खाली लटकताना आवाज झाला, तर फोर्क पूर्ण उघडताना वरच्या टोकाला आपटतोय. या शेवटच्या दोन्हींत तेल कमी किंवा पातळ झालं असण्याचा संशय आधी घ्यायचा, कारण आपटणं आवरायचं काम तेलाचंच. आणि बारीक खडीवर सतत खडखड होत असेल, तर आधी हॉर्न, मडगार्डच्या पट्ट्या, हेडलाइट, नंबरप्लेट हाताने धरून बघा. निम्मे ‘फोर्कचे’ आवाज फोर्कचे नसतातच.

दुसरी पायरी परीक्षेची. सगळ्यांना माहीत असलेली परीक्षा अशी: गाडी जमिनीवर उभी करायची, पुढचा ब्रेक दाबून धरायचा आणि गाडी पुढे-मागे हलवायची. खट् झालं की कोनसेट ढिला! आमचं म्हणणं असं, की इथेच हेत्वाभास लपलेला आहे. ड्रमब्रेकच्या गाडीत ब्रेकची प्लेट फिरू नये म्हणून ती फोर्कच्या पायाला अडकवलेली असते. त्या अडकणीत झीज झाली, किंवा ब्रेकचे लायनर आपल्या जागी किंचित हलत असले, तर ब्रेक धरून गाडी हलवताना तोच आवाज होतो, तोच झटका हातालाही जाणवतो, आणि कोनसेट मात्र ठणठणीत असतो. बुश झिजले असतील तरी तेच. म्हणजे हा हेतू साध्य असेल तिथेही सापडतो आणि नसेल तिथेही सापडतो. न्यायशास्त्रात याला सव्यभिचार म्हणतात.

इथे उपाधीची कल्पना आठवा. “जिथे अग्नी तिथे धूर” हे खरं नाही. लाल तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर कुठे आहे? धूर हवा तर इंधन ओलं असावं लागतं. ही न बोललेली अट म्हणजे उपाधी. आपल्या परीक्षेतही एक न बोललेली अट आहे: “बाकी सगळे सांधे घट्ट असतील तर”. ती अट तपासायची कशी? सोपं आहे. ब्रेक खेळातून काढून टाकायचा.

गाडी मेन स्टँडवर घ्या. इंजिनखाली लाकडी ठोकळा नीट बसवून पुढचं चाक अधांतरी करा, आणि गाडी कलंडणार नाही याची आधी खात्री करा. आता समोर बसून दोन्ही पाय अगदी खाली, एक्सेलपाशी धरा आणि पुढे-मागे ओढा, ढकला. ब्रेकला हात लावायचा नाही. दुसऱ्या माणसाने आपलं बोट कोनसेटच्या फटीवर ठेवायचं, अर्धं चासीवर, अर्धं फोर्कवर. तिथे हालचाल लागली तर कोनसेटच ढिला आहे. तिथे काही लागत नाही, पण खालची नळी वरच्या नळीवर डगडगते? मग बुश. आता चाक वर आणि खाली धरून आडवं हलवा. पाय स्थिर आणि चाक डगडगतंय? मग चाकाचं बेअरिंग किंवा एक्सेलच्या टोप्या. इथे काहीच सापडलं नाही, आणि चाक जमिनीवर टेकवून ब्रेक धरल्यावर मात्र खट् होतंय? मग दोष ब्रेकच्या प्लेटपाशी. तर्कशास्त्रात मिलने १८४३ मध्ये जी व्यतिरेकाची पद्धत मांडली ती हीच. बाकी सगळं तेच ठेवून एकच गोष्ट बदलायची.

तिसरी पायरी तेलाची. दोन्ही पायांतलं तेल वेगवेगळ्या भांड्यांत काढा आणि मोजा. गाडीच्या पुस्तिकेतल्या मापाशी ताडून बघा, आणि एकमेकांशीही. एका पायातलं तेल बरंच कमी निघालं आणि त्याच पायाच्या नळीवर तेलाचं वंगट कडं दिसलं, तर सील गेलंय. मापाप्रमाणे तेल भरून आवाज गेला, तर उत्तर मिळालं. मात्र काही जुन्या फोर्कांत चाक पूर्ण लटकल्यावर हलकीशी टक होते, ती रोग नव्हे. त्याच घडणीची दुसरी चांगली गाडी शेजारी उभी करून बघावी. दृष्टांत हवा तो यासाठी.

आता प्रश्न येतो, की एवढं कशाला? सरळ सगळंच करून टाकू, तेल बदला, सील बदला, कोनसेट आवळा. यात दोन नुकसानं आहेत. एक, आवाज गेला तरी कशाने गेला हे कळत नाही. तीन महिन्यांनी परत आला की आपण पुन्हा शून्यावर. दुसरं नुकसान अधिक गंभीर आहे. चुकीची दुरुस्ती नवा दोष जन्माला घालते. दुचाकी सरळ जाताना खरं तर सरळ जात नसते. चालवणारा नकळत हँडल सतत बारीक-बारीक वळवून तोल सावरत असतो. निर्दोष कोनसेट उगाच आवळला की हँडल जड होतं, ते बारीक सावरणं होत नाही, आणि गाडी झुलायला लागते. उलट, खरोखर ढिला असलेला कोनसेट तसाच ठेवला, तर छर्रे वाटीवर आपटून खाचा पाडतात. मग हँडल मधोमध आलं की अडकल्यासारखं होतं, आणि कितीही आवळा-सैल करा, वाट्या-छर्रे बदलल्याशिवाय सुटका नाही. योग्य बसलेल्या कोनसेटची खूण अशी: फोर्क ओढला तर प्ले अजिबात नाही, आणि चाक अधांतरी असताना केबल ओढत नसतील तर हँडल आपल्या वजनाने दोन्हीकडे सहज पडतं.

एक सूचना विचार बाजूला ठेवून सांगतो. एक्सेलची टोपी ढिली निघाली किंवा डोक्याशी ठळक हालचाल लागली, तर “जरा चालवून बघू” म्हणू नका. गाडी तिथेच ठेवा. हा आवाज पुढच्या ब्रेकच्या वाटेवरचा आहे.

समोरून एक चिठ्ठी आली आहे: “गॅरेजमध्ये मेकॅनिकला हे सगळं न्यायशास्त्र सांगत बसायचं का?” नाही हो! तो आपल्यापेक्षा जास्त जाणतो. पण आपण त्याच्याकडे जाऊन काय सांगतो ते बघा. “कोनसेट आवळून द्या” असं म्हणतो. म्हणजे निर्णय आपण सांगितला आणि पाना त्याच्या हातात दिला. गर्दीच्या वेळी तो बिचारा आवळून देतो. त्याऐवजी असं सांगा, “हळू असताना ब्रेक लावला की एकदा खट् होतं. चाक उचलून ब्रेक न लावता फोर्क ओढला, तर काही हलत नाही.” ही दोन वाक्यं ऐकली की चांगला मेकॅनिक पाना खाली ठेवेल आणि ब्रेकच्या प्लेटपाशी वाकून बघेल.