झिजतं ते जगाचं

"मामा, असली गाडी आमच्या कॉलेजात कुणाकडेच नाही!" भाची खुशीत होती. मला नेमकी त्याचीच काळजी वाटत होती.

तिची ही पहिलीच मोटरसायकल. 125 सीसीची, नाव परदेशी. ते नाव सांगितलं की समोरचा "काय म्हणालात?" असं विचारतोच, म्हणून इथेही सांगत नाही. अशा गाड्यांचा पुणेकरांना अनुभव आहे. ह्योसंग ही कोरियन गाडी आधी कायनेटिकने आणली, मग गरवारेंनी वाईला जोडली, मग डीएसकेंनी हाती घेतली. टाकीवर नाव तेच, पण पार्ट मागायचा दरवाजा दरवेळी वेगळा.

शोरूममध्ये भाची गाडीवर बसली. उंची पाच फूट दोन इंच, तरी दोन्ही टाचा टेकल्या. पहिल्या गाडीला अॅव्हरेजच्या आधी हे बघावं. सिग्नलला तोल गेला की सावरायला पाऊलच लागतं. मी वाकून टायर पाहिला. कडेला लंबगोल चौकटीत चार आकडे होते: 3122. म्हणजे टायर 2022 सालच्या एकतिसाव्या आठवड्यातला. कमी खपाची गाडी शोरूममध्ये पडून राहते, आणि टायर ते लपवत नाही. ते आकडे मोठ्याने वाचल्यावर सेल्समन किमतीबद्दल जरा मऊ बोलू लागला.

टेस्ट राइडच्या निमित्ताने गाडी आमच्या मेकॅनिककडे नेली. इंजिनाचा आवाज ऐकून ते पुढे काहीतरी बोलतील असं वाटलं होतं. त्यांनी गाडी बंद करायला लावली आणि पार्ट्सची यादी मागितली. सेल्समनने ती फोनवर पाठवली होती. चष्मा वर सरकवून ते वाचू लागले.

"चेन 428. कुठेही मिळेल. चाकाचं बेअरिंग 6301." त्यांनी फळीवरून एक डबी काढली. आतलं भोक 12 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 37. कुठल्याही कंपनीचं 6301 घ्या, माप हेच. प्लग, बॅटरी, टायर, ऑइल सील या सगळ्यांवर त्यांनी बोटाने बरोबरच्या खुणा केल्या. मग बोट थांबलं. क्लचची लिव्हर, इंडिकेटर, फूटरेस्ट, हेडलाइटची काच, बाजूचं पॅनल.

"ताई, झिजतं ते जगाचं असतं, आणि पडल्यावर तुटतं ते कंपनीचं," ते भाचीला म्हणाले. "आणि पहिली गाडी पडतेच."

इतकी वर्षं लोक मला इंजिनाबद्दल विचारत आले आणि मीही इंजिनाबद्दलच सांगत आलो. इंजिन झिजायला वर्षं लागतात. नवशिक्याच्या हातून गाडी कलंडायला पार्किंगमधली ओली फरशी पुरते.

दुसऱ्या दिवशी नाना पेठेत गेलो. तीन दुकानांत तीच लिव्हर मागितली. पहिल्याने नाव ऐकून मान हलवली. दुसरा म्हणाला, "जुनी आणा, जुळवून देतो." तिसऱ्याने कानसीने घासून बसेल अशी एक काढून दाखवली. पण ब्रेक-क्लचच्या कामात घासाघासी मला नको होती.

शेवटी भाचीनेच तोड काढली. शोरूममध्ये तिने बुकिंगचे पैसे भरले आणि सांगितलं, "क्लचची लिव्हर आणि केबल मागवा. माझ्या हातात आली की उरलेले पैसे." नवा पार्ट यायला किती दिवस लागतात ते माहितीपत्रकात छापलेलं नसतं. ते असं मोजता येतं. पार्ट आले अकराव्या दिवशी. केबल मेकॅनिकने जुन्या केबलला समांतर ओवून टेपने बांधून ठेवली. वाटेत तुटली तर फक्त टोकं बदलायची. लिव्हर किल्ल्यांच्या खिळ्याला टांगली.

तिसऱ्या आठवड्यात सोसायटीच्या उतारावर गाडी आडवी झाली. भाचीला खरचटलंही नाही. लिव्हरही शाबूत.

तुटला तो डावा इंडिकेटर. तो काही आम्ही मागवला नव्हता. आज नववा दिवस आहे. डावीकडे वळताना ती हात दाखवते.